आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मोठ्या बॅटरीचं बघू

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कॅम्पर ट्रेलरमधल्या (गाडीमागे ओढायच्या, आत राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरमधल्या) विजेवर लेख आला होता तो वाचला. बाकीची माहिती ठीक आहे, पण शेवटी "बॅटरी पुरत नसेल तर दुसरी जोडा आणि इन्व्हर्टर मोठा घ्या" असा जो सल्ला दिलाय तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. बॅटरी पुरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांकडे बऱ्याचदा बॅटरी लहान नसतेच मुळी, इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरच्यासारखे २३० करणारा डबा) चोवीस तास चालू असतो, आणि तो अजून मोठा घेतला तर दुखणं वाढणार, कमी कसं होईल?

हिशेब करून बघा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-अवर. पण ती सारखी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर कामातून जाते, त्यामुळे वापरायला खरे ६०० च धरायचे. आता २००० वॉटचा इन्व्हर्टर घ्या, त्याला काहीच जोडलेलं नाही, नुसता हिरवा लाईट लावून बेडखाली पडलाय, तरी तो मॉडेलप्रमाणे १० ते २० वॉट खात असतो. १५ धरले तर चोवीस तासांत ३६०. म्हणजे ६०० पैकी ३६० कोणी काही न वापरता गेले! उरलेल्या २४० मध्ये लाईट, पाण्याचा पंप, फ्रिज सगळं बसवा म्हणजे झालं. आणि फ्रिज एकटाच, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरवाला असला तरी, हवा किती गरम आहे त्याप्रमाणे दिवसाला ३० ते ५० अँपिअर-अवर, म्हणजे ३६० ते ६०० वॉट-अवर घेतो. मग पहाटे सगळं बंद पडलं की शिव्या बॅटरीला.

याच्यावर उपाय काय तर इन्व्हर्टरला स्विच असतो. गरज असेल तेव्हा चालू करा, काम झालं की बंद, इतकंच. काही इन्व्हर्टरला लोड नसेल तेव्हा झोपायची सोय असते, ती बरी आहे, पण छोटा लोड असला तर तो कधी कधी उठतच नाही म्हणून लोक ती बंद करून टाकतात. त्यापेक्षा हाताशी, दाराजवळ एक रिमोट स्विच लावून घ्यावा. इन्व्हर्टर बेडखाली असतो आणि रात्री अंथरूण उचलून बंद करायला कोणीही उठत नाही हे सगळ्यांना माहितीय.

दुसरं म्हणजे जे मुळात १२ व्होल्टवर चालतं ते १२ वरच चालवा की. मोबाईल, टॅब, लाईट, पंप यांचा इन्व्हर्टरशी काही संबंध नाही. लॅपटॉपचंच बघा, बॅटरीतले १२ व्होल्ट चढवून इन्व्हर्टर २३० करणार, त्यात दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन गेले, मग लॅपटॉपचा चार्जर ते २३० परत उतरवून २० करणार, त्यात अजून थोडे गेले, हे म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा घालण्यासारखं आहे. यूएसबी-सी वर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर १२ व्होल्टच्या सॉकेटमधला चांगला कार चार्जर सरळ काम करतो. झोपताना श्वासाचं मशीन लावणारे असतात त्यांनी तर त्याचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मिळतो का ते आधी बघावं, आणि पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवून चालेल का ते डॉक्टरांना विचारावं, कारण रात्रभरात जास्त वीज तोच ओढतो.

आता इन्व्हर्टरच्या कट-ऑफबद्दल, कारण लेखात लिहिलंय की बॅटरी उतरली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, काळजी नको. बंद होतो हे खरं, पण कधी? बरेच इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला कट होतात. लेड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि थोडा वेळ निवांत ठेवलेली असेल तर मल्टिमीटरवर साधारण १२.७ दिसतात, १२.२ म्हणजे निम्मी संपली. छोट्या लोडवर १०.५ येईपर्यंत ती बिचारी पार रिकामी झालेली असते. तो कट-ऑफ बॅटरी जपायला आहे असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि वर तशीच रिकामी बॅटरी घरी येऊन चार-आठ दिवस पडू देतात, मग प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या वेळी चार्ज घेतच नाही.

लिथियमवाल्यांचं वेगळंच. लिथियम आयर्न फॉस्फेट चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही, वजन निम्म्याहून कमी आणि ८०-९० टक्के वापरली तरी चालते. पण तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.२ च्या आसपास हलता हलत नाही, त्यामुळे व्होल्टमीटर बघून काही म्हणजे काही कळत नाही आणि एकदम दिवे जातात. तिला शंट (करंट मोजणारी पट्टी) लावलेला मॉनिटरच पाहिजे, जो आत किती गेलं बाहेर किती आलं ते मोजतो. माझं स्पष्ट मत, दुसऱ्या बॅटरीच्या आधी हा मॉनिटर घ्यावा, लेड अ‍ॅसिड असली तरी. आकडा समोर दिसायला लागला की घरातली पोरंसुद्धा आपणहून लाईट बंद करतात. आणि हो, शून्य अंशाच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते, थंडीत फिरणाऱ्यांनी बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) अशा वेळी चार्जिंग कट करतो की नाही ते खात्री करून घ्यावं.

किटलीचा मुद्दा लेखात एका ओळीत संपवलाय तो जरा सविस्तर यायला हवा होता. एक लिटर पाणी उकळायला वीज फार लागत नाही, शंभराच्या थोडी वर वॉट-अवर. प्रश्न करंटचा आहे. १५०० वॉटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४० अँपिअरच्या घरात ओढते. बॅटरीवर छापलेले १०० अँपिअर-अवर हे सहसा वीस तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे ५ अँपिअरने सावकाश काढले तर. १४० ने ओरबाडले तर लेड अ‍ॅसिड तेवढे देतच नाही (पॉयकर्ट नावाच्या माणसाने १८९७ मध्येच हे मांडून ठेवलंय), व्होल्टेज धाडकन पडतं आणि बॅटरी अर्धी भरलेली असूनही इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. त्यात टर्मिनलवरचा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) जरा सैल असेल, समजा एक शतांश ओहमचा अडथळा, तर १४० अँपिअरला त्या एवढ्याशा जागेत जवळपास २०० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त झाली की ही! केबलचं प्लास्टिक मऊ पडतं, करपल्याचा वास येतो, आणि हे सगळं गादीच्या खाली चाललेलं असतं. म्हणून केबल जाड आणि आखूड, डीसी रेटिंगचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्हवर, आणि लग अधूनमधून पाना लावून बघायचे. फ्यूज इन्व्हर्टरच्या बाजूला लावलेला मी बघितलाय, मग मधल्या केबलला वाली कोण?

पाणी गॅसवर उकळावं, एवढंच.

चार्जिंगबद्दल "गाडी चालवताना बॅटरी भरते" हे अर्धं खरं. गाडीपासून मागे ट्रेलरपर्यंत येणाऱ्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज गळतं, ट्रेलरच्या बॅटरीला १४.४ पाहिजेत आणि पोचतात १३ च्या वर थोडे, त्यात नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज स्वतःच कमी करतात. ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीकडून आलेलं व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) असला तरच त्या प्रवासाचा उपयोग, आणि त्यालाही लेड अ‍ॅसिडची शेवटची वीस टक्के भरायला तासन् तास लागतात. गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा फ्रिज असेल तर थांबल्यावर तो १२ व्होल्टवरून काढायला विसरू नका, तो सतत शंभराच्या वर वॉट घेतो, रात्र काढणारच नाही. सोलरबद्दल लेखात छान लिहिलंय, फक्त पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झाडाची सावली आली तरी उत्पादन बरंच खाली येतं हे राहिलं.

तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी इन्व्हर्टरची तुलना छापाल तेव्हा वॉटचा मोठा आकडा छापालच, पण त्याच्या शेजारी लोड नसताना तो किती करंट घेतो तेही छापा. खोक्यावर २००० हा आकडा हातभर असतो आणि हा दुसरा आकडा मॅन्युअलच्या मागच्या पानावर असला तर असतो. दुकानात विचारला तर समोरचा आपल्याकडेच बघत बसतो, तुमच्या पेपरने विचारला तर निदान कंपनीला उत्तर द्यावं लागेल.

आपला,
ट्रेलर ओढणारा एक वाचक