वाळवंट काय फक्त पावसाअभावी होते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आइसलँडच्या ज्वालामुखी पठारावरचा लेख वाचला. फोटो झकास. लेखक थंडी सोसून तिथवर गेले, त्याबद्दल कौतुकच आहे. पण ‘पाऊस नाही म्हणून गवताचे पाते नाही, विदर्भही त्याच वाटेवर’ हे वाक्य चौकटीत टाकण्याआधी आपल्याकडे कुणी वाचले होते का?

वात्नायोकुल हिमनदीच्या दक्षिणेला धो धो पडते आणि उत्तरेला, आस्क्या ज्वालामुखीच्या बाजूला, कमी पडते हे मान्य. पण जे पडते ते तरी वर राहते कुठे? लाव्ह्याच्या भेगांतून आणि राखेच्या काळ्या वाळूतून सगळे खाली जाते आणि पार लाव्ह्याच्या काठाला झरे होऊन निघते. तेवढ्या जागी हिरवळ, बाकी रखरखाट. त्यात जुलैतही अंगात स्वेटर आणि माती उडवून नेणारा वारा. १८७५ साली आस्क्या फुटला तेव्हा पूर्वेकडच्या शेतांवर राखेचा थर बसला आणि कित्येक कुटुंबे उत्तर अमेरिकेला गेली. चंद्रावर जाणाऱ्यांना १९६५ आणि १९६७ साली सरावाला तिथेच नेले होते. लेखात यातले काही नाही. लेखकाच्या बुटांवर मात्र अख्खा परिच्छेद आहे.

आमच्या बुडाशीही लाव्ह्याचाच दगड आहे, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ऊन-पावसाने कुजून त्याचीच काळी माती झाली, तिच्यात कपाशीची पऱ्हाटी उभी राहते. म्हणजे वाट उलटी झाली ना साहेब!

राहिला प्रश्न बरडाचा, म्हणजे मुरमाड जमिनीचा. आमच्या बरडावरच्या वावरात शेततळे मंजूर झाले. मुरूम आहे, प्लास्टिकची पन्नी अंथरल्याशिवाय थेंब थांबणार नाही, असे मी हात जोडून सांगितले. ‘आधी खड्डा करा, पन्नीचे नंतर बघू,’ असे उत्तर मिळाले. श्रावणात तळे काठोकाठ भरले, तेव्हा फोटो काढायला गाडी आली. पोळ्याला निम्मे उरले. दसऱ्याला तळाचा पिवळा मुरूम उघडा पडला आणि शेजाऱ्यांच्या बकऱ्या त्यात उतरून बसू लागल्या. धुऱ्याखालच्या शेजाऱ्याची विहीर मात्र तेव्हापासून संक्रांतीपर्यंत तुडुंब असते. रामराम घालताना तो गालात हसतो. पन्नीचा अर्ज अजून ‘वर’ आहे. कागदोपत्री मी लाभार्थी, माझ्या नावाची पाटीही लागली आहे. हरभऱ्याला पाणी तेवढे नाही. अशा कास्तकाराला पाऊस कमी पडतो म्हणून उजाड होते असे शिकवू नका. पडलेला अडवायचा कसा, त्यावर एक पान काढा. आइसलँडच्या सरकारने उडती माती धरून ठेवायला १९०७ सालीच स्वतंत्र खाते काढले. लेखक तिथवर गेलेच होते, तर त्या खात्यात डोकावायला हवे होते.

जाता जाता आणखी एक. आपल्या हवामानाच्या चौकटीत नागपूर, अकोला, चंद्रपूर असते, आमचा तालुका कधीच नसतो. शिवाय अंक आमच्या गावात दुपारच्या एसटीने येतो. ‘आज सकाळी ढगाळ’ हे जेवण झाल्यावर वाचून आम्ही काय करावे, तेही कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ