परीक्षकांच्या नजरेचीही परीक्षा घ्या

मा. संपादक,

रबाळे एमआयडीसीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो. आयटीआय होऊन आलेल्या मुलांची गुणपत्रिका तिथे कोणी फारशी बघत नसे. शॉपमध्ये नेऊन हातात काम द्यायचे आणि मग ठरवायचे. मुलांना हा अपमान वाटे, पण आमचाही नाइलाज होता. ठाण्यातले प्रॅक्टिकलचे ८५ आणि अंबरनाथचे ८५ एकाच मापाचे आहेत, याची हमी कोण देणार?

फिटरचे त्यातल्या त्यात बरे. जॉबवर, म्हणजे मुलाने बनवलेल्या तुकड्यावर, व्हर्नियर हे मोजायचे साधन लावले की ०.०२ मिमीपर्यंतचा वाद मिटतो. (जबडे जोरात दाबले तर व्हर्नियरही हवे ते माप दाखवतो, ती गोष्ट वेगळी.) वेल्डिंगचे तसे नाही. अंडरकटची (सांध्याच्या कडेला पडलेल्या खाचेची) खोली गेजने मोजता येते, पण बीड (वेल्डची रेघ) एकसारखा आहे का, स्पॅटर (आजूबाजूला उडालेले धातूचे थेंब) जास्त झाला का, हे बहुतेक वेळा बघणाऱ्याच्या नजरेवर. आयटीआयच्या अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापनासाठी टक्केवारीचे पट्टे दिले आहेत: ६० ते ७५, ७५ ते ९० आणि त्यापुढे. पहिल्यात फिनिशिंगची सफाई बऱ्यापैकी चांगली हवी, दुसऱ्यात चांगली, तिसऱ्यात उच्च दर्जाची. आता यातली सीमा ज्याची त्याने आखायची! लेखीला ३३ टक्क्यांवर पास होता येते, प्रात्यक्षिकाला मात्र ६० लागतात. म्हणजे काठावरच्या मुलाचे वर्ष कोणत्या परीक्षकाच्या वाट्याला तो येतो, त्यावर.

कारखान्यात नजरेने तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचीच आधी तपासणी होते. चांगले, खराब आणि मुख्य म्हणजे काठावरचे तुकडे निवडायचे, क्रम बदलून प्रत्येकाला ते पुन्हा पुन्हा दाखवायचे, आधी काय शेरा दिला ते सांगायचे नाही. दोघांचे एकमेकांशी पटते का ते कळतेच, शिवाय प्रत्येकाचे स्वतःशी पटते का तेही कळते. मुरलेल्या माणसांनी सकाळी पास केलेला तुकडा दुपारी बाजूला काढलेला मी पाहिला आहे. यात नुसती टक्केवारी फसवी ठरते. बहुतेक तुकडे चांगलेच असतील, तर न बघता ‘ओके’ म्हणणाऱ्या दोघांचेही मत जुळणारच. म्हणून जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा आकडा काढतात. त्यात योगायोगाने जुळलेली मते हिशेबातून वजा होतात. जिथे बरीचशी मुले पासच होतात, त्या परीक्षेला तर हे जास्तच लागू आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेआधी जिल्ह्यातल्या परीक्षकांना ट्रेडप्रमाणे अर्धा दिवस एकत्र बसवावे. तेच जॉब सर्वांनी वेगवेगळे तपासावेत, मग गुण उघड करून फरक कशामुळे पडला ते बोलावे. कमी-जास्त गुण देणाऱ्याला जाब विचारू नये, नाहीतर पुढच्या वेळी सगळे शेजाऱ्याकडे बघून गुण देतील. निदेशकांची संख्या अपुरी, वेळापत्रक घाईचे, हे ऐकावे लागेल. पण त्यासाठी नवे तुकडे बनवायची गरज नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे जॉब आणि नोंदी पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायच्या असा नियम आहेच. सुरुवात वेल्डर ट्रेडपासून करावी.

– एक निवृत्त गुणवत्ता निरीक्षक, कळवा (ठाणे)