सर, तुम्ही मला शिकवायला शिकवलंत

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात देवबागच्या आमच्या कराटे क्लासमधली पहिली मुलगी ब्लॅक बेल्ट झाली. गावात सगळ्यांनी अभिनंदन माझं केलं. त्यात तुमचा वाटा किती, हे चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

ब्राऊन बेल्ट मिळाल्यावर तुम्ही व्हाइट बेल्टची, म्हणजे नवख्यांची, रांग माझ्या हाती दिलीत आणि आधीच बजावलंत, "पोरां तुका बघून करतत, आयकान नाय." मुलांकडे तोंड करून उभं राहिलं की आपली डावी बाजू त्यांच्या उजवीकडे येते. म्हणून शिकवणाऱ्याला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, दोन्ही बाजूंनी यायला हवा. हेयान शोदान या सुरुवातीच्या काताच्या २१ हालचाली मी नव्याने घोटल्या, पहिलं वळण उजवीकडे घेऊन. स्वतःच्या परीक्षेसाठी केली नव्हती एवढी मेहनत त्या महिन्यांत झाली.

मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावरचा रविवारचा सराव तर मी कधीच विसरणार नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओल्या वाळूवर तुम्ही आम्हाला झेन्कुत्सु-दाची घेऊन, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकवून, उभं करायचात, मग बाजूला सरकवून नुसते ठसे दाखवायचात. दोन्ही पाय एका रेषेत आले असतील तर हलक्या धक्क्यानेही माणूस कलंडतो. पायांत खांद्यांएवढं अंतर असेल तर टिकतो. तुम्ही काही बोलायच्या आधीच मुलं आपापली चूक ओळखायची. शिकवणं असं असतं, हे मी तिथे पाहिलं.

मला वर्ग घ्यायला लावलात तेव्हा मला वाटलं होतं, माझा सराव मागे पडेल. तुम्ही फुनाकोशींचं सांगितलंत. ते ओकिनावातले शाळामास्तर. १९२२ मध्ये कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच शिकवत राहिले. हेयानचे काताही त्यांचे गुरू इतोसू यांनी शाळेतल्या मुलांसाठी बसवलेले. मास्तरांच्या हातून वाढलेल्या विद्येत शिकवणं दुय्यम कसं असेल, असं तुम्ही विचारलंत. त्यानंतर माझ्या मनात ती शंका आली नाही.

आणि एसटी. देवबागची शेवटची गाडी चुकू नये म्हणून तुम्ही अख्ख्या क्लासची वेळ अलीकडे घेतलीत, आणि गाडी सुटेपर्यंत स्टँडवर थांबायचात. बाबांनी मला पुढे शिकू दिलं ते त्या भरवशावर. मुलींना रात्रीचं मालवणहून परतावं लागू नये म्हणूनच मी क्लास गावात काढला. तेव्हाही भाड्याच्या जागेसाठी सरपंचांकडे माझ्याबरोबर तुम्हीच आलात, भर पावसात.

सर, येत्या बेल्ट परीक्षेला परीक्षक म्हणून तुम्हीच हवे आहात. मुलांना मी तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय की ती आत्तापासून विचारतायत, "मोठे सर कधी येतले?" काकींना घेऊन शनिवारीच या. राहायला आमच्याकडे, आई तिसऱ्या करणार आहे.

तुमची विद्यार्थिनी