पात्रतेला मुदत मिळाली, अभ्यासाला वेळ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल आल्यापासून त्यावर वाचकांची पत्रे वाचते आहे. 'वीस वर्षे शिकवल्यावर आता परीक्षा कसली?' असे काही शिक्षक विचारतात. 'परीक्षेला घाबरणारे मुलांना काय शिकवणार?' असे पालक विचारतात. रोज वर्गावर उभे राहून, घर सांभाळून पात्रता मिळवताना माणसाचे नेमके काय होते, हे मात्र कुणी लिहीत नाही. मी त्यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

मी एका खासगी विनाअनुदानित शाळेत 2011 पासून पहिली-दुसरीला शिकवते. रुजू झाले तेव्हा बी.ए. होते, डी.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) नव्हते. शाळेला बाई हव्या होत्या, मला नोकरी हवी होती. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला होता आणि तेव्हा सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवायला पाच वर्षे दिली होती. ती पाच वर्षे कशी गेली ते कुणालाच कळले नाही. शाळेने विचारले नाही, आम्हीही विषय काढला नाही. मग 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 31 मार्च 2015 रोजी सेवेत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांनी 31 मार्च 2019 पर्यंत डी.एल.एड. (डी.एड.चेच नवे नाव) पूर्ण करावे, ही शेवटची संधी, असे ठरले. देशभरातल्या दहा लाखांहून अधिक शिक्षकांनी एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, नावे नोंदवली. त्यात एक मी.

पुढचे 18 महिने असे गेले. सकाळी सातला शाळा. दुपारी वह्या तपासणे, संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचे अभ्यास. रात्री दहानंतर मोबाइलवर 'स्वयं' या सरकारी संकेतस्थळावरचे पाठ, आणि डोळे मिटायला लागले की दूरदर्शन संचावर 'स्वयंप्रभा'ची शैक्षणिक वाहिनी लावून भिंतीला टेकून ऐकणे. सुटीच्या दिवशी तालुक्याच्या गावी अभ्यास केंद्रावर संपर्क वर्ग. परीक्षेच्या दिवसांची रजा मागितली तर पगार कापला गेला. जे शिक्षण शाळेला कायद्याने हवे होते, त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले. हे मी विसरलेले नाही.

स्वाध्यायांचे तर सांगायलाच नको. झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरांचे गठ्ठे विकायला होते. पहिल्या सहा महिन्यांत मीही त्यातलेच उतरवून काढले. 'भारतातील प्राथमिक शिक्षण' या विषयावर रात्री एक वाजता सोळा पाने लिहिली आणि सकाळी त्यातले एक वाक्य आठवत नव्हते. याचा अभिमान नाही. पण दिवसभर चाळीस मुलांसमोर बोलून आलेल्या बाईला रात्री एक वाजता दुसरे काय सुचणार, हेही कुणीतरी विचारायला हवे.

आता उलट बाजू. अनुभव असला की प्रशिक्षण लागत नाही, असे म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि त्याला कारण एक वजाबाकी आहे.

दुसरीतला एक मुलगा 42 मधून 17 वजा करायचा आणि 35 लिहायचा. दरवेळी. मी सहा वर्षे अशा उत्तरांवर लाल फुली मारत आले होते. 'दोनातून सात जात नाहीत रे, हातचा घे' असे म्हणायचे. तो मान हलवायचा आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करायचा. मी त्याला वेंधळा समजत होते. मग पदविकेच्या गणिताच्या घटकात वाचले की मुलांच्या चुकांना नियम असतो, उत्तर तपासण्याआधी तो नियम शोधा. दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बसवले आणि 'कसं केलंस ते मला सांग' एवढेच विचारले. तो म्हणाला, 'बाई, मोठ्यातून लहान काढायचा ना. सातातून दोन काढले, पाच. चारातून एक काढला, तीन.' 'मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची' हे वाक्य त्याला मीच शिकवले होते. त्याने ते प्रत्येक अंकाला लावले होते. सगळे माझ्याच शब्दांवर चालले होते.

मग काड्या काढल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. 'सतरा दे मला.' त्याने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. हातातल्या रबरबँडकडे बघत राहिला. मी गप्प बसले. मला तर गप्प बसायला फार जड जाते. थोड्या वेळाने त्याने स्वतःच दुसऱ्या गठ्ठ्याचा रबरबँड सोडला, काड्या मोजल्या, पाच माझ्या हातात ठेवल्या आणि उरलेल्या मोजून 'पंचवीस' म्हणाला. फळ्यावर मी 'हातचा' हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल, तो त्याच्या हातात त्या दिवशी आला.

(2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले तेव्हा राज्यभर टिंगल झाली. मला हसू आले नाही. 'बेचाळीस' म्हणताना कानावर आधी दोन पडतात आणि लिहिताना आधी चार काढायचे असतात, यात मुले कशी अडकतात ते मी बाकावर शेजारी बसून पाहिले आहे.)

ही एक गोष्ट मला शिकवून गेली म्हणून मी त्या पदविकेची ऋणी आहे. पण ती शिकण्यासाठी मला वर्ग लागला. रात्री वाचलेले सकाळी करून पाहता आले, फसले तर परवा पुन्हा पाहता आले. कॉलेजात बसून डी.एड. करणाऱ्या मुलीला हे मिळत नाही, तिला ठरावीक दिवसांच्या सरावापुरताच वर्ग मिळतो. काम करत शिकण्यातली खरी कमाई हीच, आणि 18 महिन्यांच्या त्या धांदलीत नेमकी तीच हातून निसटली. माझा सराव पाठ पाहायला आलेले निरीक्षक वर्गात दहा मिनिटे बसले. तक्ता आहे का, टाचण आहे का, एवढे पाहिले आणि सही करून पुढच्या शाळेत गेले. त्यांचाही इलाज नव्हता, त्यांच्या यादीत त्या दिवशी आणखी बऱ्याच शाळा होत्या. काड्यांचा तो तास पाहायला कुणी नव्हते. पाहिला असता तर 'बाई, आता हेच तीन अंकी संख्यांना कसे न्याल?' असे कुणी विचारले असते, आणि तो प्रश्न मला पुढे दोन वर्षे एकटीने सोडवावा लागला नसता.

इतके करून मिळालेल्या पदविकेचे पुढे काय झाले, तेही लोकांना माहीत असावे. नियमित डी.एल.एड. दोन वर्षांचे, आमचे 18 महिन्यांचे, म्हणून ते नव्या भरतीसाठी चालेल का, असा वाद 2019 मध्येच सुरू झाला. 28 नोव्हेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ते दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीचे नाही असे म्हटले. त्या आठवड्यात आमच्या गटावर रडणाऱ्या बायकांचे निरोप आले होते. मग 10 डिसेंबर 2024 ला खुलासा आला की 10 ऑगस्ट 2017 रोजी सेवेत असलेल्या आणि 1 एप्रिल 2019 च्या आधी हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची पदविका ग्राह्य धरावी. सरकारनेच आखलेला, सरकारनेच मुदत घातलेला अभ्यासक्रम. तो खरा की खोटा हे कळायला आम्हाला पाच वर्षे लागली.

आता तेच टीईटीच्या बाबतीत होताना दिसते आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण परीक्षेशिवाय बढती नाही. मीही 23 नोव्हेंबर 2025 ला पेपर एक (पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा) देऊन आले. 150 प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी 30. खुल्या गटाला 90 गुण हवेत. परीक्षा अवघड आहे म्हणून ती नको, असे मी म्हणणार नाही. पहिलीच्या वर्गावर उभे राहणाऱ्याला परिसर अभ्यासातले 30 प्रश्न यायलाच हवेत.

माझा प्रश्न वेळेचा आहे. ही दोन वर्षे 2027 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतात. जनगणनेची घरयादी 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात आणि प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. प्रगणक म्हणून दारोदार कोण जाणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना अशैक्षणिक कामातून मोकळे केले खरे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ज्या दोन वर्षांत अभ्यास करायचा, त्याच दोन वर्षांत ही कामे. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीची सेवा नऊ वर्षे उरली आहे. दोन वर्ग एकत्र, पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचे काम. ती परवा म्हणाली, 'पुस्तक उघडलं की झोप येते गं, आणि झोपले की परीक्षा आठवते.'

म्हणून शिक्षण विभागाकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. परीक्षा किंवा पदविका पूर्ण करायची आहे अशा शिक्षकाला आठवड्यातला अर्धा दिवस अभ्यासासाठी द्या, आणि खासगी शाळांनी त्याचा पगार कापू नये असा लेखी आदेश काढा. हा अर्धा दिवस मिळेपर्यंत निदान त्या शिक्षकाला मतदार यादीच्या कामातून वगळा. दुसरे, वर्गात येऊन बसणारे माणूस द्या. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, आणि जवळच्या काही शाळांचे मिळून जे केंद्र असते त्याला केंद्रप्रमुखाचे पद आहे. केंद्रप्रमुखांची भरलेली पदे किती आणि रिकामी किती, हे आपल्या वार्ताहरांनी जिल्हावार विचारून छापावे अशी माझी विनंती आहे. असलेल्या केंद्रप्रमुखांना माहिती गोळा करण्यातून सोडवून महिन्यातून एकदा एका वर्गात पूर्ण तास बसू द्या. दहा मिनिटे नव्हे, पूर्ण तास. नंतर अर्धा तास त्या बाईंशी बोलू द्या. यात नवी इमारत लागत नाही.

मैत्रिणीकडे मी सध्या दर गुरुवारी संध्याकाळी जाते. बालमानसशास्त्राचे तीस प्रश्न आम्ही तिच्याच वर्गातल्या मुलांची नावे घेऊन सोडवतो. गेल्या गुरुवारी एका प्रश्नावर ती थांबली आणि म्हणाली, 'अगं, हे तर आमच्या वर्गातल्या त्या शेवटच्या बाकावरच्या पोरीचं आहे.' तो पेपर बाजूला ठेवून आम्ही मग तासभर त्या मुलीबद्दलच बोललो.

आपली नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका