उजवं पुढचं चाक

प्रिय बयो,

आठ महिने झाले. तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, फोन नाही. रागावली असशील तर रागाव, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, गाडीच्या आवाजाचं एवढं काय घेऊन बसलीस! तब्येत ठीक. आईचा गुडघाही बरा आहे.

गाडी घुमायला लागली होती. ५०च्या पुढे गेलं की बुडातून घूंऽऽ, वेगाबरोबर चढत जाणारं. शिवाय ९०च्या आसपास स्टिअरिंग थरथरायचं. पहिल्या मेकॅनिकने नुसतं वाकून बघितलं आणि सांगितलं, चारही टायर गेले. दुसऱ्याने चक्कर मारली आणि म्हणाला, पुढची दोन्ही बेअरिंगं बदला, हात लागलाच आहे तर डिस्कही. दोन्ही अंदाज शेजारी ठेवून मी रात्री उशिरापर्यंत बसले. टायरांचा आकडा बेअरिंगच्या कितीतरी पट, आणि बोलले मात्र दोघंही सारख्याच ठामपणे. मला भीतीच वाटली गं. पैसे चुकीच्या जागी गेले तर हळहळ होईल, पण बेअरिंग आतून झिजत झिजत चाकच ढिलं झालं तर?

तेव्हा काका आठवले. ‘आधी कान, मग पाना.’

दुसऱ्या दिवशी मोकळ्या, सरळ रस्त्यावर नेली. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकला, आवाज तस्साच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आले, तरी सूर तोच. टायर बोलत असते तर रस्त्याबरोबर सूर बदलला असता. मग एक लांब डावं वळण घेतलं आणि घुमणं एकदम चढलं. उजव्या वळणावर जवळजवळ गप्प. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे दुखणं उजवीकडे. यावरूनच आपण भांडलो होतो ना? ज्या बाजूला वळतो तीच बाजू दबते, असं तू ठासून सांगत होतीस, आणि मी काढलेलं चित्र टराटरा फाडलंस. नवीन काढून पाठवू? जाड पुठ्ठ्यावर?

तरी टायरांना शेवटची संधी दिली. पुढचे मागे, मागचे पुढे. आवाज जागचा हलला नाही. तळहात टायरवरून उलटसुलट फिरवला, करवतीसारखे दातही लागले नाहीत. मग जॅक, खाली स्टँड, आणि उजवं पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नाही! इथे मी फसणारच होते. पण बेअरिंग ढिलं व्हायच्या आधी कितीतरी दिवस नुसतं घुमत राहू शकतं. म्हणून एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. बोटांना बारीक किरकिर लागली, आत कुणी जाडी वाळू दळतंय तशी. डावीकडची स्प्रिंग शांत. बयो, काकांनी माझा हात धरून असाच स्प्रिंगवर ठेवला होता. तू टॉर्च धरून उभी होतीस आणि ‘आता माझी पाळी’ म्हणून ओरडत होतीस.

आणि ती थरथर? एका रिमच्या आतल्या धुळीत एक छोटा स्वच्छ चौकोन दिसला. बॅलन्सिंगचं, म्हणजे चाक समतोल फिरावं म्हणून चिकटवलेलं, वजन गळून पडलं होतं. दुखणी दोन होती आणि मी इतके दिवस एकच समजत होते. बॅलन्सिंग हे सगळ्यांत स्वस्त काम, तेवढ्यावर थरथर गेली. डिस्क वाकडी असती तर ब्रेक दाबल्यावर धडधडली असती. तसं कधीच झालं नाही.

तिसऱ्याकडे गेले. त्याने गाडी लिफ्टवर घेऊन ऐकलं आणि उजव्यावरच बोट ठेवलं. मी सुटा भाग, मजुरी, अलाइनमेंट असं वेगवेगळं लिहून मागितलं. माझ्या गाडीत बेअरिंग दाबून बसवलेलं आहे, नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, बाहेर काढून दाबयंत्रावर (प्रेसवर) न्यावी लागते, म्हणून भाग स्वस्त आणि मजुरी जड. काही गाड्यांत बेअरिंगसकट अख्खा हबच, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बोल्टवर येतो, तिथे नेमकं उलटं. नुसती खालची बेरीज बघून मी काय ताडून बघत होते कोण जाणे. हबचा नट मात्र नवाच घालायला लावला.

नवी नोकरी कशी आहे? धाकटीची परीक्षा झाली का? सविस्तर लिही, माझ्यासारखी गप्प बसू नकोस.

आणि एक. काकांची गाडी विकलीस तेव्हा मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. तुझ्या दारात ती नुसती उभी राहून गंजली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तुला फोन करवत नव्हता.

आज काम झालं. परत येताना काच खाली करून ८०ने आले, नुसता वारा ऐकू येत होता. काढलेलं बेअरिंग मागून घेतलंय, कागदात गुंडाळून खणात आहे. तू आलीस की बोटांत धरून फिरवून बघ. आता तुझी पाळी.

तुझीच