शेवटापासून शिकवलंत, काका!

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच उन्हाचा नाहीतर संत्र्यांच्या भावाचा विषय काढता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला तुम्ही बुद्धिबळ शिकवलंत आणि ते मनापासून शिकवलंत, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.

आपल्या नागपुरात मुलांना शिकवणारे पुष्कळ. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या देशमुख असे ग्रँडमास्टर ज्या गावचे, तिथं आईबाप पोरांना क्लासला घालणारच. पण मोठ्या माणसानं अगदी श्रीगणेशापासून शिकायचं म्हटलं, तर त्याला वेळ द्यायला कोण बसतं? तुम्ही बसलात. मे महिन्यात उन्हं उतरली की पार्किंगमध्ये टेबल मांडून माझी वाट बघायचात.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आता बत्तीस मोहरे मांडतील आणि चाली पाठ करायला लावतील. तुम्ही डावाच्या शेवटी उरतात तसे पटावर तीनच ठेवलेत. दोन राजे आणि माझं एक पांढरं प्यादं. माझा राजा ई-५ वर, त्याच्या पाठीशी ई-४ ला प्यादं, आणि मध्ये एक घर सोडून ई-७ वर तुमचा राजा. मग विचारलंत, "सांग, आता चाल कोणाची असलेली बरी?"

दोन्ही प्रकार खेळून दाखवलेत. चाल माझी असेल तर डाव बरोबरीत सुटतो, कारण माझा राजा जिकडे सरकेल तिकडे तुमचा राजा आडवा येऊन उभा. चाल तुमची असेल तर मात्र तुम्हाला वाट सोडावीच लागते, आणि माझं प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर होतं. मोहरे तेच, घरं तीच. फरक फक्त पाळीचा. त्या संध्याकाळी मला हा खेळ आवडला तो कायमचाच.

प्याद्यानं प्याद्याला मारायचा 'एन पासंट' हा खास प्रकारही तुम्ही नियम म्हणून घोकून घेतला नाहीत. तुमच्या लहानपणी घरोघरी देशी पद्धतीनं खेळताना प्यादं एकच घर चालायचं, ते सांगितलंत. नव्या पद्धतीत त्याला सुरुवातीला दोन घरांची मुभा मिळाली. पण त्या उडीत ते शत्रूच्या प्याद्याला चुकवून निसटू नये, म्हणून लगेचच्या चालीत त्याला मारता येतं. कारण कळलं की नियम विसरत नाही.

आणि प्रत्येक चालीआधी तुमचं ते ठरलेलं, "घाई काऊन करून राहिली? समोरच्यानं ही चाल काऊन केली, ते पाह्य न आधी." आता घरात कोणी चिडून बोललं तरी मी आधी हेच बघते.

२८ जुलै २०२५ तुम्हाला आठवत असेलच. जॉर्जियातल्या बाटुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत, दिव्यासमोर आपलीच भारतीय ग्रँडमास्टर कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल, म्हणजे भरपूर वेळेचे डाव बरोबरीत, पहिला रॅपिड, म्हणजे कमी वेळेचा डावही बरोबरीत, आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये आपल्या दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी बाजी मारली. एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताब! सगळं नागपूर आनंदलं. माझा आनंद जरा जास्तच होता. पटावर मोजके मोहरे उरले तेव्हा दोघींचे राजे कशासाठी धडपडताहेत, हे मला कळत होतं. तुम्ही शेवटापासून शिकवलंत म्हणून कळत होतं.

तुम्ही फी घेत नाही, मिठाईचा डबाही परत पाठवता. तेव्हा दुसरी सोय केली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई दोघींना शिकायचंय. रविवारपासून मीच बसणार आहे त्यांच्यासोबत, तीन मोहरे घेऊन. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बाजूला बसा आणि माझं कुठं अडलं तर सांगा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी