सभासदाकडून अजून किती वसूल करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बुडालेल्या सहकारी बँकेच्या ठेवी सभासदांकडून वसूल करा, मालक तेच आहेत, असं एका ठेवीदाराचं पत्र तुमच्या पेपरात वाचलं. त्यांचा राग मला पटतो, ठेवींच्या विम्याचे ५ लाख मिळाले तरी वरच्या पैशासाठी आमच्या शेजारच्या काकू अजून हेलपाटे घालतायत. पण मालक म्हणजे कोण हो? घराचं कर्ज काढलं तेव्हा अडीच टक्के शेअर्सचे म्हणून आठ लाखातले वीस हजार कापूनच हातात दिले, तसा मी सभासद झालो. सर्टिफिकेट अजून कपाटात आहे, जुन्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि किंमत शून्य. पीएमसी ही सहकारी बँक २०२२ मध्ये युनिटी बँकेत विलीन झाली तेव्हाही भागधारकांचं भांडवल असंच गेलं.

सभासदाची जबाबदारी शेअर्सच्या रकमेपुरतीच असते आणि ती तशी का ठेवली तेही बघा. १८७८ मध्ये स्कॉटलंडमधली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली, तिथे जबाबदारी अमर्यादित होती, म्हणजे १०० पौंडांच्या शेअरमागे २,७५० पौंड भरायला लावले. १,८१९ भागधारकांपैकी फक्त २५४ जण कर्जबाजारी व्हायचे वाचले. ठेवीदारांचे पैसे फिटले हो, पण चार पैसे साठवून शेअर घेतलेली साधी माणसं देशोधडीला लागली, आणि खोटे ताळेबंद ज्यांनी केले त्या संचालकांना महिन्यांत मोजायची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी ही जबाबदारी मर्यादित ठेवता यावी म्हणून तिथे कायदा बदलला.

आमचीही चूक आहे, वार्षिक सभेत अहवाल न वाचताच आम्ही मंजूर मंजूर म्हणत आलो, एनपीए म्हणजे थकलेली कर्जं किती हे मी एकदाही उभं राहून विचारलं नाही. त्याबद्दल वीस हजार गेले ते गेले, मी मागत नाही. पण कर्ज कोणाला द्यायचं हे ठरवत होते संचालक, आणि त्यांच्यासाठी सहकार कायद्यात कलम ८८ आहेच, नुकसान निश्चित करून त्यांच्याकडून वसूल करता येतं. चौकशी वर्षानुवर्षं चालते, मग अपील, मग स्थगिती, तोवर ठेवीदार म्हातारे होतात. म्हणून माझी सहकार खात्याला विनंती आहे की प्रत्येक बुडालेल्या बँकेत कोणत्या संचालकावर किती रक्कम निश्चित झाली आणि त्यातली किती वसूल झाली हे दर सहा महिन्यांनी पेपरात छापा, काकूंना निदान कळेल तरी कोणाच्या दारात जायचं ते.

आपला,
एक सभासद